धर्मावर टीका करायची असेल तर आधी कर्ता तपासा

एका साप्ताहिकात मी 19 वर्षं वाचकांच्या पत्रांचं पान सांभाळलं. धर्माचा विषय निघाला की टेबलावर पत्रांचा ढीग पडायचा. कुठलं छापायचं, कुठलं बाजूला ठेवायचं, कुठल्या पत्रातलं एकच वाक्य काढलं तर बाकीचं चोख उरेल, हे दर आठवड्याला ठरवावं लागे. मी स्वतः देव मानत नाही. त्यामुळे टीका करणाऱ्याकडे माझा कल आधीपासूनच असायचा, आणि म्हणूनच मला काही चाचण्या हाताशी ठेवाव्या लागल्या. एखाद्या धर्माबद्दल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, ज्यांना मनापासून आक्षेप घ्यायचा आहे त्यांच्यासाठी त्या इथे सांगते. मिळमिळीत लिहा असं मी कुणालाही सांगणार नाही.

पहिली चाचणी शाळेतल्या व्याकरणाची. वाक्यातला कर्ता शोधून त्याखाली रेघ मारा. ‘हा नियम मुलीला मुलापेक्षा कमी वारसा देतो.’ इथे कर्ता नियम आहे. ‘धर्मगुरूंच्या मंडळाने तक्रार दडपली.’ इथे कर्ता मंडळ आहे. ‘हे लोक असलेच.’ इथे कर्ता म्हणजे कोट्यवधी माणसं, त्यांतली बहुतेक लिहिणाऱ्याने कधी पाहिलेलीही नाहीत. नियम कुणीतरी केलेला असतो, कुणीतरी त्याचा अर्थ लावत असतो, तो बदलता येतो. मंडळाला जाब विचारता येतो. ‘हे लोक’ मात्र उत्तर द्यायला कुठून येणार?

एकाच चर्चच्या दोन गोष्टी सांगते. 2018 साली अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या ग्रँड ज्युरीने (गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या न्यायमंडळाने) सहा कॅथलिक धर्मप्रांतांचा अहवाल प्रसिद्ध केला. 300 हून अधिक पाद्र्यांवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप, ओळख पटलेली हजाराहून जास्त मुलं, आणि ही प्रकरणं दाबणारे वरिष्ठ. त्या अहवालाइतकी कठोर टीका मी क्वचित वाचली आहे. त्यात नावं आहेत, वर्षं आहेत, कुणाची बदली कुठे केली ते आहे. कॅथलिक आईबापांनी तो वाचला आणि तेही संतापले, कारण त्यातली मुलं त्यांच्याच घरांतली होती.

आता दुसरी. 11 ऑगस्ट 1834 च्या रात्री मॅसॅच्युसेट्समधल्या चार्ल्सटाउन गावी जमावाने कॅथलिक जोगिणींचा मठ जाळला. आत एका जोगिणीला कोंडून ठेवलंय अशी अफवा होती. मठात मुलींची शाळा होती, आणि तिथे शिकणाऱ्या बऱ्याच मुली प्रोटेस्टंट घरांतल्या होत्या. जोगिणी आणि मुली कशाबशा जीव वाचवून बाहेर पडल्या. आपण एका जुलमी संस्थेविरुद्ध उभे आहोत, असंच त्या जमावालाही वाटत असणार. पण जमावाने पुराव्याची वाट पाहिली नाही. कॅथलिक मठ आहे म्हटल्यावर आत काय चालत असेल, ते त्यांना आधीच ‘माहीत’ होतं.

माझी स्वतःची चूकही इथेच सांगायला हवी. एका धर्मातल्या घटस्फोटाच्या रीतीवर मी संपादकीय टीप लिहिली होती. आक्षेप रास्त होता, आजही मला तो रास्तच वाटतो. पण शेवटी मी लिहिलं, ‘या समाजाला बाईची किंमतच नाही.’ शेजारच्या टेबलावर त्याच धर्मातली माझी सहकारी बसायची. तिने प्रूफ वाचलं आणि विचारलं, ‘अगं, या समाजात मी पण येते ना? माझी आईसुद्धा? ही रीत बदलावी म्हणून ती गेली कित्येक वर्षं सह्या गोळा करतेय.’ मी ते वाक्य काढलं. टीप एका ओळीने लहान झाली, आणि आधीपेक्षा धारदार. त्या रीतीविरुद्ध सगळ्यांत आधी लढणाऱ्या बायकांनाच मी एका वाक्यात पुसून टाकलं होतं, हे मला तिने दाखवून दिलं.

तेव्हापासून माझा नियम झाला: टीका लिहिण्याआधी त्या धर्मातून हाच आक्षेप कुणी घेतला आहे का ते शोधायचं. बहुधा कुणीतरी घेतलेला असतोच, आणि आपल्यापेक्षा नेमका. सगळा जन्म त्या धर्मात काढलेल्या माणसाला कुठली शाखा काय मानते, कुठला ग्रंथ कोण प्रमाण धरतो, ते ठाऊक असतं. बाहेरच्याने निदान एवढं लिहावं: कुठला पंथ, कुठली संस्था, कधीची गोष्ट.

कर्त्याच्या चाचणीला चकवणारेही असतात. ‘मी विचारांवर बोलतोय, माणसांवर नाही’ असं पहिल्याच ओळीत लिहून पुढे तीन पानं माणसांवर गरळ ओकलेली पत्रं मी पाहिली आहेत. अशा पत्राचं शेवटचं पान आधी वाचावं. शेवटी मागणी काय आहे? कायदा बदला, हिशेब दाखवा, तक्रारींची चौकशी करा, मुलांना शाळेत पाठवा, अशी असेल तर ती टीका. घर भाड्याने देऊ नका, नोकरीवर ठेवू नका, त्यांच्याकडून काही विकत घेऊ नका, अशी असेल तर वरचे सगळे ग्रंथाचे दाखले सजावटीपुरते आहेत.

प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचं उदाहरण मला फार खुपतं. 1523 साली त्याने ज्यूंना ख्रिस्ती समाजाने दिलेल्या वागणुकीवर कडक टीका करणारी पुस्तिका लिहिली. ज्यूंशी प्रेमाने वागा, असं त्याचं सांगणं होतं, आणि तसं वागलं तर ते ख्रिस्ती होतील अशी आशाही होती. ते झाले नाहीत. 1543 साली त्याच माणसाने लिहिलं की त्यांची प्रार्थनास्थळं जाळा, घरं पाडा, धर्मग्रंथ काढून घ्या, त्यांच्या गुरूंना शिकवू देऊ नका. धर्ममतांवरचा वाद दोन्ही लेखनांत आहे. फरक मागणीत पडला. चार शतकांनंतर नाझींनी ते दुसरं पुस्तक मिरवलं, आणि 1994 मध्ये अमेरिकेतल्या ल्यूथरपंथीयांच्या सगळ्यांत मोठ्या चर्चने ते जाहीरपणे नाकारलं.

पूर्वग्रहाला माहितीची गरज नसते, याचा याहून उघड दाखला 2001 चा. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला चार दिवस झाले होते. ॲरिझोनातल्या मेसा शहरात एका माणसाने पेट्रोल पंपाच्या शीख मालकाला गोळ्या घातल्या. पगडी आणि दाढी पाहून त्याने ठरवलं की हा ‘त्यांच्यातला’ आहे. ज्या धर्माचा त्याला राग होता तो कुठला, एवढंही त्याला कळत नव्हतं. तुमच्या आक्षेपाला समोरच्याचा चेहरा, नाव किंवा पेहराव पुरत असेल, तर तो आक्षेप धर्माबद्दल उरलेला नाही.

आता दुसऱ्या बाजूचं. ‘आमच्या श्रद्धेचा अपमान झाला’ हे वाक्यही मला शेकडो पत्रांत भेटलं, आणि बऱ्याचदा त्याआड एखादा साधा, खरा प्रश्न दडपायचा असे. श्रद्धेला प्रश्न विचारणं म्हणजे द्वेष नव्हे. आंतरराष्ट्रीय कायद्यातही हा फरक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या 1966 च्या करारातलं 20 वं कलम म्हणतं की भेदभाव, वैर किंवा हिंसा यांना चिथावणी देणारा धार्मिक द्वेषाचा पुरस्कार कायद्याने बंद करावा. त्याच कराराचा अर्थ लावताना संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 2011 साली सांगितलं की ही चिथावणी सोडली, तर निव्वळ धर्माचा अनादर होतो म्हणून घातलेली बंदी, ईशनिंदेचे कायदे धरून, करारात बसत नाही. संरक्षण माणसाला आहे. मताला नाही.

चिथावणी ओळखायला संयुक्त राष्ट्रांच्या 2012 च्या रबात कृती आराखड्याने सहा गोष्टी पाहायला सांगितल्या: परिस्थिती, बोलणारा कोण, त्याचा हेतू, मजकूर आणि त्याचं रूप, तो किती दूर पोचतो, आणि त्यातून इजा होण्याची शक्यता. यातली दुसरी मला सगळ्यांत उपयोगी पडली. तेच वाक्य चहा पिताना मित्र बोलतो आणि हजारोंच्या सभेत पुढारी बोलतो, तेव्हा ते एकच वाक्य राहत नाही. संख्येने आणि सत्तेने मोठ्या असलेल्यांनी लहानांबद्दल बोललेलं आणि लहानांनी मोठ्यांबद्दल बोललेलं एकाच तराजूत घालू नये.

म्हणूनच धर्माने ज्याला पोळलं आहे त्याच्या रागाला मी कधी कात्री लावली नाही. डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये लाहोरच्या एका परिषदेसाठी लिहिलेलं भाषण आयोजकांना इतकं जहाल वाटलं की त्यांनी ती परिषदच रद्द केली. पण ते वाचून पाहा. कुठली शास्त्रं, कुठला नियम, तो माणसाचं काय करतो आणि त्याजागी काय हवं, सगळं लिहिलेलं आहे. धर्मात नियम आणि तत्त्वं यांत फरक करा, असं ते त्यात सांगतात. सूर मवाळ आहे की जहाल, यावरून पूर्वग्रह ओळखायला जाऊ नका. अतिशय गोड भाषेत लिहिलेली विषारी पत्रंही माझ्या टेबलावर आली आहेत.

शेवटचं काम प्रूफ पक्कं करण्याआधीचं. लिहिलेला मजकूर त्या धर्मातल्या एका माणसासमोर मोठ्याने वाचा. त्याला तो पटलाच पाहिजे असं नाही. तो भांडेल, आणि भांडू द्या. तुम्ही फक्त स्वतःकडे लक्ष ठेवा: कुठल्या वाक्याला तुमचा आवाज खाली गेला? निवृत्त होईपर्यंत मी माझी प्रत्येक टीप शेजारच्या टेबलावर वाचून दाखवत होते. कित्येकदा तिने काही म्हणायच्या आधीच माझी पेन्सिल त्या ओळीवर गेलेली असायची.