साउंड कार्ड घ्यायच्या आधी वूफर पुढे ओढा

सगळ्यात आधी स्पीकर-सेटचा वूफर भिंतीपासून पुढे ओढा आणि त्याच्या पाठीमागे बघा. साउंड कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज स्पीकरांना देणारं कार्ड, त्याच्या किमती नंतर, यूट्यूबवरची परीक्षणं त्याहून नंतर. मोबाइलचा टॉर्च मारून मागे कॉम्प्युटरच्या पिनांची भोकं किती आणि कुठल्या रंगांची ते मोजा, फोटो काढून ठेवा. मी हे केलं नव्हतं. माळ्यावर कित्येक वर्षं पडलेला ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर असा, सेट खाली काढला, धूळ झटकली, पाच छोटे स्पीकर हॉलभर मांडले आणि घरबसल्या एक यूएसबी साउंड कार्ड मागवलं. डब्यावर ठळक अक्षरांत ७.१. सात हे पाचापेक्षा जास्तच की, एवढाच माझा हिशोब. डबा उघडला तर अंगठ्याएवढी वस्तू, तिला दोन भोकं, एक हेडफोनचं, एक माइकचं. आणि माझ्या हातात सेटच्या तीन पिना, हिरवी, काळी, केशरी. ते ७.१ हेडफोनमध्ये सॉफ्टवेअरने भासवायचं असतं, हे डब्याच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत होतं.

तर भोकं मोजा. ३.५ मिलिमीटरच्या एका पिनेतून दोनच चॅनेल जातात, डावा आणि उजवा. ५.१ म्हणजे सहा चॅनेल, म्हणजे तीन पिना, म्हणजे कार्डावर बाहेर आवाज सोडणारी तीन भोकं. रंगांची ही पद्धत मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या पीसी ९९ या मानकापासून रुळली, ती आजही चालते: हिरवं पुढच्या स्पीकरांना, काळं मागच्यांना, केशरी मधल्या स्पीकरला आणि वूफरला. गुलाबी माइकचं आणि निळं लाइन-इन, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायचं, ही दोन या मोजणीत धरू नका. तुमच्या सेटला एकच हिरवी पिन असेल तर तो २.० किंवा २.१ आहे, कुठलंही साधं कार्ड चालेल, पुढचं निम्मं वाचलं नाहीत तरी हरकत नाही.

आणि वाय-जोड लावून एका भोकाच्या तीन पिना करता येतील असं मनात आलं असेल तर तिथेच थांबा. मी दोन दिवस तेच करत बसलो होतो. जोडाने चॅनेल वाढत नाहीत, तेच दोन चॅनेल तिन्ही पिनांत जातात. मधल्या स्पीकरमधून अर्धंच गाणं, मागच्यांतून पुढचंच सगळं, आणि वूफर बायकी आवाजात गाण्याचा प्रयत्न करतोय. घरात सगळ्यांची करमणूक झाली.

वूफरमागे चौकोनी झाकणाचं ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून आवाज नेणाऱ्या वायरीचं, भोक असेल तर वेगळा विचार. लॉजिटेकच्या झेड ९०६ ला ऑप्टिकलही आहे आणि तीन पिनांची सोयही आहे. पण बहुतेक स्वस्त सेटांना ऑप्टिकल नसतं, आणि मग एक हेडफोनचं भोक व एक ऑप्टिकल एवढ्यावर ५.१ म्हणवणारं कार्ड तुमच्या काही कामाचं नाही. सेटला ऑप्टिकल असलं तरी एक ग्यानबाची मेख आहे. त्या वायरीतून कच्चा आवाज दोनच चॅनेलचा जातो. सहा न्यायचे तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या पद्धतींनी आवळून न्यावे लागतात. सिनेमाच्या फाइलीत ते बऱ्याचदा आधीच आवळलेले असतात. गेमचा आवाज मात्र कॉम्प्युटरला जागच्या जागी आवळावा लागतो, त्यासाठी कार्डाच्या माहितीत डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट असे शब्द शोधा. गेम खेळणाऱ्यांनी हे नाही बघितलं तर नंतर कपाळाला हात.

आता दुसरा प्रश्न, कार्ड हवंच आहे का? डेस्कटॉपच्या मागे गुलाबी, हिरवं, निळं अशी तीनच भोकं दिसली म्हणजे ५.१ नाही असं नसतं. रिअलटेक कंपनीची आवाजाची चिप असलेल्या पुष्कळ मदरबोर्डांवर (कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डांवर) सेटिंगमध्ये ५.१ निवडलं की निळं भोक मागच्या स्पीकरांचं आणि गुलाबी मध्य व वूफरचं होतं. माइक मग कॅबिनेटच्या पुढच्या भोकात लावायचा. आधी हे करून बघा, फुकट आहे. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत तक्ता असतो. तरीही माउस हलवला की स्पीकरमध्ये किरकिर येते, किंवा भोकच सैल झालंय, किंवा लॅपटॉप आहे, तर कार्ड घ्या.

लॅपटॉपवाल्यांना यूएसबीशिवाय पर्याय नाही. तिथेच तर माझी फसगत झाली, म्हणून परत सांगतो: डब्यावरचा आकडा वाचू नका, फोटोतली भोकं मोजा. तीन पिनांना तीन. तीन पिनांना चार चालतील, दोन नाहीत. दुकानदार "साहेब, सगळं चालतं" म्हणाला तरी कार्ड हातात घेऊन मोजा.

डेस्कटॉपवाल्यांनी कॅबिनेट उघडून आत कुठली खाच रिकामी आहे ते बघायचं. आताची कार्डं पीसीआय एक्सप्रेस नावाच्या खाचेची असतात. एक्स १ चं, म्हणजे त्यातल्या सगळ्यात आखूड खाचेचं, छोटं कार्ड लांब खाचेतही बसतं. क्रिएटिव्हचं ऑडिजी एफएक्स, असुसचं झोनार एसई ही दोन्ही या जातीची आणि ५.१ ची. जाडजूड ग्राफिक्स कार्ड नेमकं शेजारची छोटी खाच झाकून बसलेलं असतं, तेही बघा. कॅबिनेट बारीक असेल तर कार्ड मागे अडकवायची आखूड पट्टी सोबत येते का ते विचारा. आणि कुणी मित्र प्रेमाने जुनं साउंड ब्लास्टर लाइव्ह देऊ करील. १९९८ चं नावाजलेलं कार्ड आहे, पण त्याला लागणारी जुनी पीसीआय खाच नव्या बोर्डांवर सहसा नसते. त्या काळच्या गेमांतले घुमणारे आवाज ज्या रस्त्याने कार्डापर्यंत जायचे, तो विंडोजमधल्या डायरेक्टसाउंडचा रस्ताही विंडोज व्हिस्टाने बंद केला. मित्राला चहा पाजा, कार्ड त्यालाच राहू द्या.

आकड्यांवर फार वेळ घालवू नका. १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट, १२० डेसिबल वगैरे. सीडी ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटची असते, आणि आपले प्लास्टिकचे स्पीकर तिलाही धड न्याय देत नाहीत. स्पीकरवर चिकटवलेला हजारो वॅटचा पीएमपीओ हा फुगवलेला आकडा तर सोडूनच द्या, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, वाचा, तोही कार्ड निवडताना लागत नाही.

सतत घूं असा आवाज येत असेल तर कार्ड घेण्याआधी कॉम्प्युटर आणि वूफर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून पाहा. बऱ्याचदा तो अर्थिंगच्या फेऱ्याचा आवाज असतो आणि नव्या कार्डानेही जात नाही. हा फेरा तोडणारी ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करा. पण ती एका पिनेपुरतीच असते, तीन पिनांना तीन लागतील. बघा, पुन्हा मोजणीच. प्लगची तिसरी पिन मोडून घूं घालवायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, शॉक बसेल.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर: तुमच्या विंडोजसाठी कंपनीच्या साइटवर आहे का, विकत घेण्याआधी बघा. एवढंच.

बसवताना बंद करून प्लग काढा. साउंडच्या सेटिंगमध्ये नवं कार्ड डिफॉल्ट करा, ५.१ निवडा, टेस्ट दाबून एकेक स्पीकर ऐका. मधल्याचा आवाज वूफरमधून आला तर सेटिंगमध्ये मध्य-वूफर अदलाबदलीची खूण शोधा. गाणी पुढच्या दोनांतूनच येतात म्हणून घाबरू नका, बहुतेक गाणी स्टीरिओच, म्हणजे दोन चॅनेलचीच, असतात.

बिल जपा. परत करायची मुदत संपेपर्यंत डबाही. मी डबा उघडायच्या घाईत फाडला होता, त्यामुळे ते ७.१ घरातच राहिलं. मुलीच्या हेडफोनला लावलंय, तिथे छान चालतं.