ज्येष्ठांना दम लागतो तेव्हा कारण कसे शोधावे

सत्तरीच्या माणसाला दम लागू लागला की घरचे लोक 'वय झालं' म्हणून विषय संपवतात. परंतु वयाने चाल मंदावते, बसल्या जागी धाप लागत नाही. म्हणून दम केव्हापासून, काय करताना आणि कोणत्या स्थितीत लागतो, हे दवाखान्यात जाण्यापूर्वी नीट पाहून लिहून ठेवावे.

आडवे पडल्यावर दम वाढत असेल, उशीवर उशी घ्यावी लागत असेल किंवा झोप लागल्यानंतर तासा-दोन तासांनी गुदमरून उठून बसावे लागत असेल, तर संशय प्रथम हृदयाचा घ्यावा. हृदय कमकुवत किंवा ताठर झाले की मागे फुप्फुसांत रक्ताचा दाब वाढतो आणि तेथे पाणी झिरपते. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरावा. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला, तर तेथे पाणी साठले आहे असे समजावे. रोज सकाळी लघवीनंतर वजन करावे व दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढल्यास डॉक्टरांना कळवावे. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की अंगात साठलेले पाणी काढण्यासाठी दिलेली लघवीची गोळी मनानेच बंद करण्याचा मोह होतो. तो आवरावा, गोळीचे आणि पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. मधुमेह असलेल्यांत, विशेषतः स्त्रियांत, छातीत न दुखता केवळ दम लागूनही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

खोकला, बेडका व छातीतली शिट्टी ही लक्षणे फुप्फुसांकडे बोट दाखवतात. येथे विडी-सिगारेटची चौकशी सगळेच करतात. मात्र ज्या आजीने विडीला कधी हातही लावला नाही, तिने किती वर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केला, हे सहसा कोणी विचारत नाही. कूलर सुरू झाल्यावरच त्रास वाढत असेल, तर त्यातील जुनी, बुरशी आलेली खस बदलावी. न्यूमोनियात वृद्धांना ताप येईलच असे नाही. कधी नुसते बरळणे आणि जेवण तुटणे एवढेच दिसते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकाएकी दम लागल्यास पायातील रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असण्याची शक्यता असते.

रक्तक्षय, मूत्रपिंडाचा विकार, अनियमित ठोके, वाढलेले वजन हीही कारणे असतात. 'टेन्शनमुळे होतंय' हा निष्कर्ष मात्र ईसीजी, एक्स-रे व रक्ततपासणी झाल्याशिवाय काढू नये.

श्वास मोजायचा तो माणसाच्या नकळत, पूर्ण एक मिनिट. शांत बसलेले असताना तो 20 च्या वर राहत असेल, तर वेग वाढलेला आहे. ऑक्सिमीटर लावताना बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नसावे आणि हात गार नसावेत. आकडा 90 च्या खाली गेला, ओठ निळसर झाले, एक वाक्यही सलग बोलवेना किंवा छातीत दुखू लागले, तर 108 ला फोन करावा आणि रुग्णाला झोपवू नये, पाय खाली सोडून ताठ बसवावे.

नागपूरची मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये किंवा जवळचे खासगी रुग्णालय, कोठेही नेले तरी औषधांची पूर्ण पिशवी सोबत घ्यावी. सांधेदुखीच्या काही गोळ्यांनी अंगात पाणी साठते, तर काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायच्या टिमोलॉलच्या थेंबांनी दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळल्या जाऊ शकतात. त्यामुळे थेंबांची बाटलीही पिशवीत टाकावी.