ब्रिजिडचा क्रूस: गव्हाच्या काडात विणायचा तर

१ फेब्रुवारी हा आयर्लंडमध्ये ब्रिजिडचा दिवस. तिथल्या जुन्या पंचांगात याच सुमाराला इम्बोल्क येतो, म्हणजे वसंताचं तोंड. आदल्या संध्याकाळी लव्हाळं उपटून आणायचं, क्रूस विणायचा आणि दाराच्या आतल्या बाजूला लावायचा. उपटून आणायचं, कापायचं नाही, असा संकेत आहे.

क्रूस कुणाचा, हे आधी नीट समजून घ्या. इसवी सन ९००च्या सुमाराच्या 'कॉर्मकचा शब्दकोश' या आयरिश ग्रंथात ब्रिजिड ही दाग्दा या आयरिश देवाची मुलगी, कवींची देवी आहे. तिच्या दोन बहिणींची नावंही ब्रिजिडच; एक वैद्यकीची, दुसरी लोहारकामाची. क्रूस मात्र परंपरेनं आयर्लंडमधल्या किलडेअर गावच्या ख्रिस्ती संत ब्रिजिडच्या नावावर आहे. देवी आणि संत, दोघींचं नाव एक, म्हणून गोष्टी एकमेकींत मिसळल्या. त्यामुळे 'हे देवीचंच प्राचीन चिन्ह' असं ठोकून सांगू नये. आकार पाहून स्वस्तिक आठवेल, पण त्यावरून नातं जोडायची घाईही नको.

आता काड. तिकडचं लव्हाळं गोल, गुळगुळीत, आतून स्पंजासारखं असतं. आपल्या शेतात तण म्हणून माजतो त्या लव्हाळ्याचा दांडा तिकोनी आणि आखूड, तो इथे कामाचा नाही. ज्वारीचा कडबा जाड, दुमडताच मोडतो. खान्देशात सगळ्यात बरं गव्हाचं काड. तिकडेही काही भागांत गवताच्या काडाचे क्रूस होतात. अडचण एवढीच की फेब्रुवारीच्या सुरुवातीला आपला गहू शेतात उभा असतो, आणि मळणीयंत्रातून निघाला की भुसाच हाती येतो. म्हणून मागच्या हंगामातली एक पेंढी हातानं कापून ठेवलेली हवी. ओंबीखालचा, गाठ नसलेला तुकडा घ्या. एक क्रूस म्हणजे ४० सेंटिमीटरच्या १७ काड्या, जाडी शक्य तेवढी सारखी. मोडतील म्हणून पाच जास्त. कोमट पाण्यात अर्धा ते एक तास भिजवा, मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. काड नसेल तर नाल्याकाठच्या पाणकणसाची पानं चालतात, पण ती आधी अर्धवट वाळवा, नाहीतर आकसून वीण सैल पडते.

एक काडी उभी धरा. दुसरीचा मध्य अंगठ्यानं चेपा, दुमडा आणि उभ्या काडीच्या मध्यावर अडकवा, मोकळी टोकं उजवीकडे. आता सगळं डावीकडे पाव वळसा फिरवा, म्हणजे ती टोकं वर येतील. तिसरी काडी दुमडून वर आलेल्या सगळ्या काड्यांना कवेत घ्या, टोकं पुन्हा उजवीकडे, आणि मध्याकडे सारून घट्ट बसवा. फिरवा, दुमडा, सारा. दुमडलेल्या सोळा काड्या संपल्या की क्रूसाच्या प्रत्येक हातात चार-चार झालेल्या दिसतील. डाव्या हाताची पकड मध्यावरून सोडली की सगळं सुटतं. दुसऱ्याच्या हाती द्यायचं झालं तर चिमटा लावूनच द्या.

बिघडतं ते बहुतेक वळशात. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवलं की क्रूसाचे दोन हात जाड, दोन बारीक होतात. डावखुऱ्यांनी सगळंच उलट दिशेनं केलं तरी हरकत नाही, पण मध्येच दिशा बदलू नये. शेवटी चारही टोकं दोरानं किंवा ओल्या केळीच्या सोपटानं बांधा, हात १२ ते १५ सेंटिमीटर ठेवून सरळ कापा. सावलीत वाळवा. ओलं असताना पिशवीत कोंबलं तर बुरशी येते.

त्या रात्री ब्रिजिड घरोघर येते अशी तिथली समजूत. खान्देशात श्रावणात ज्यांच्या घरी कानबाई देवी बसते त्यांना हे येणं-जाणं समजवायला लागणार नाही. एक फडकं रात्रभर बाहेर ठेवतात, तिनं ते स्पर्शलं की वर्षभर डोकेदुखीला वापरायचं.

गोठ्यासाठी तीन हातांचा वेगळा क्रूस असतो. त्यात उभी काडी नसते. तीन काड्या दुमडून एकमेकींत अडकवायच्या: दुसरी पहिलीला कवेत घेते, तिसरी दुसरीला, आणि तिसरीची टोकं पहिलीच्या दुमडीतून बाहेर काढायची. पुढे तसंच, फक्त पावऐवजी एक तृतीयांश वळसा.