लाकूड फोडताना बिबा उतला तर काय करायचं

लाकडामुळे अंगावर खाज आली म्हणून नेटवर शोधलं की सगळीकडे पॉयझन आयव्हीच निघते, पण ती वेल अमेरिकेकडची, आपल्या नागपूरकडच्या जंगलात नाही. आपल्याकडे तिचा भाऊबंद म्हणजे बिब्याचं झाड, कोणी भिलावा म्हणतं; त्याचा चीक लागून पुरळ उठली की बिबा उतला म्हणतात. दोघांच्या चिकातलं तेल जवळजवळ सारखंच, म्हणून काळजीही सारखीच घ्यायची.

नागपुरात लकडगंजच्या लाकडाच्या टालवर कापलेल्या सागवानात ही भीती फारशी नाही, खरी गडबड होते शेताच्या धुऱ्यावरून किंवा जंगलाकडून आणलेल्या मिक्स सरपणात. ओंडक्याच्या घावातून आलेला चीक वाळून काळा पडलेला दिसला तर उघड्या हाताने उचलूच नका. लाकूड वाळलं म्हणून तेल मरत नाही हो, ते टिकून राहतं.

आता मेन गोष्ट. हात लागला त्या क्षणी काहीच जाणवत नाही, पुरळ बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते, म्हणून लोक जेवून झोपून जातात आणि तिथेच चुकतं. शंका आली की काम तिथंच सोडा आणि 10-15 मिनिटांच्या आत साबण, भांड्याचं लिक्विड असेल तर अजून चांगलं, लावून कपड्याने घासून भरपूर साध्या पाण्याने धुवा, मग परत धुवा, नखांखाली पण. तेल आहे ते, नुसत्या पाण्याने जात नाही. आधी खोबरेल चोळू नका, त्याने चीक अजून पसरतो.

कपडे वेगळे धुवा, आणि कुऱ्हाडीचा दांडा, करवत, हातमोजे, बुटाच्या लेस पण, कारण माणूस बरा होतो आणि महिन्याभराने तीच कुऱ्हाड उचलली की परत सुरू.

पुरळ उठलीच तर थंड पाण्याच्या पट्ट्या, कॅलामाइन, आणि फोड फोडायचे नाहीत. फोडातल्या पाण्याने ते पसरत नाही, घरच्यांना पण लागत नाही, त्यामुळे कोणाला वेगळं बसवायची गरज नाही. साधारण 2-3 आठवड्यांत उतरतं.

चेहरा, डोळे, नाजूक जागा सुजली, अंगभर पसरलं, पू झाला किंवा ताप आला तर घरगुती लेप करत बसू नका, सरळ नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्याच्या स्किन ओपीडीत दाखवा. डॉक्टरने स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर दोन दिवसात बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका, पुरळ उलटते आणि परत तेवढीच भडकते.

आणि ते लाकूड शेकोटीत किंवा होळीत टाकू नका बाप्पा. धुरासोबत तेल उडतं, श्वासातून घशात-फुफ्फुसात जातं, तिथे साबण पोचत नाही. असं लाकूड जळत असेल तर पोरांना आधी लांब न्या, आणि कोणाला श्वास लागला तर एक मिनिट न थांबता 108 ला फोन करा.