वसंतातील नदी, पाण्यातले कीटक आणि ट्राउटसाठी फ्लायची निवड

वसंत ऋतूत ट्राउट या गार पाण्यातल्या माशाच्या नदीवर गळ टाकायला पोहोचल्यावर आधी थर्मामीटर पाण्यात बुडवावा आणि फ्लायची, म्हणजे गळावर बांधलेल्या कीटकासारख्या कृत्रिम आमिषांची, पेटी त्यानंतरच उघडावी. पाणी ५ अंश सेल्सिअसहून गार असेल तर मासा संथ, खोल जागी तळाशी राहतो आणि अन्नासाठी फारसा हलत नाही. ७-८ अंशांपासून तो खाऊ लागतो आणि १० ते १६ अंशांच्या दरम्यान चांगलाच चपळ असतो. तापमान चढत आहे की उतरत आहे हेही कळायला हवे, म्हणून सकाळी आणि दुपारी पुन्हा मोजावे.

बर्फ वितळून भरणाऱ्या नदीत दिवसभराच्या उन्हाने सुटलेले गार, गढूळ पाणी बहुधा दुपारनंतर खाली पोहोचते, त्यामुळे तिथे त्याआधीचे तास साधावेत. पाणी चढले की मासे मुख्य धार सोडून काठालगतच्या संथ पट्ट्यात येतात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यातून बरेच मासे पकडणारे धडाधड पाण्यात उतरतात.

वसंताच्या सुरुवातीला प्रामुख्याने मिज हे डासासारखे चिमुकले कीटक दिसतात. पुढे पाणी थोडे कोमट झाल्यावर बेटिस वंशाच्या लहान मेफ्लाय (पाण्यात वाढणारे नाजूक पंखांचे कीटक) पाण्याबाहेर पडतात. ढगाळ, दमट दुपार त्यांना विशेष मानवते, कारण पंख लवकर वाळत नाहीत आणि त्या बराच वेळ पृष्ठभागावर वाहत राहतात. त्यांच्यासाठी १८ ते २२ क्रमांकाच्या गळावरची ऑलिव्ह रंगाची फ्लाय वापरावी. साधारण १० अंशांच्या पुढे कॅडिस या पाण्यात वाढणाऱ्या आणखी एका कीटकाची वेळ येते. स्टोनफ्लाय या कीटकाचे निम्फ, म्हणजे पाण्यातली पिल्ले, मात्र बहुधा सरपटत काठच्या दगडांवर चढतात आणि तिथे कात टाकतात, म्हणून कोरड्या दगडांवर त्यांची रिकामी आवरणे शोधावीत.

कोणती फ्लाय लावायची याचे उत्तर, माझ्या मते, हवेतल्या कीटकांपेक्षा दगडांच्या खालच्या बाजूस अधिक खात्रीने मिळते. उथळ पाण्यातला दगड उलटून पाहावा. मेफ्लायच्या निम्फच्या पाठीवरील पंखांच्या कळ्या काळ्या पडल्या असतील तर तो लवकरच बाहेर पडणार आहे. दगड होता तसाच परत ठेवावा.

त्यानंतर माशाकडे पाहावे. त्याचे तोंड पाण्याबाहेर येत असेल तर कोरडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, फ्लाय योग्य ठरते. केवळ पाठीचा पर आणि शेपटी दिसत असेल तर तो पृष्ठभागाच्या किंचित खाली, वर येणारे कीटक टिपत असतो. अशा वेळी कोरडी फ्लाय काढून पृष्ठभागातच अर्धवट बुडून राहणारी, बाहेर पडत असलेल्या कीटकासारखी दिसणारी ‘इमर्जर’ फ्लाय लावावी.