ऑर्डरआधीची वाटी: व्हिनेगरचा कांदा आणि हिरवी चटणी

फॅमिली रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाईक बसल्यापासून पहिली डिश येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. न मागता येणारी कांदा-चटणीची वाटी ही मिनिटं सांभाळते. तिने भूक चाळवायची असते, भागवायची नसते. म्हणून ती आंबट, करकरीत आणि मोजकी हवी. फुकटात फरसाण किंवा भजी दिली, तर पोट निम्मं भरतं आणि स्टार्टरची ऑर्डर गळते.

१ किलो मद्रासी कांदे (सांबारात घालतात ते छोटे) सोलून वरून अधिक चिन्हासारखी चीर द्यावी, बूड शाबूत ठेवावं. अर्धा लिटर पाण्यात २ टेबलस्पून मीठ, ३ टेबलस्पून साखर, १०-१२ मिरे, ४ लवंगा आणि एका लहान बिटाच्या चकत्या घालून ५ मिनिटं उकळावं. पाणी कोमट झालं की अर्धा लिटर पांढरं व्हिनेगर मिसळून कांद्यांवर ओतावं. उकळतं ओतलं तर कांदा मऊ पडतो. बरणी काचेचीच घ्यावी, ॲल्युमिनियमला आंबट पाणी खातं. २४ तासांत रंग मुरतो, फ्रिजमध्ये आठवडाभर कांदा चांगला राहतो. जुन्याच पाण्यात नवे कांदे टाकायचा मोह फार होतो, पण तोवर कांद्याचं पाणी सुटून व्हिनेगर पातळ झालेलं असतं. पाणी गढूळ दिसलं तर बरणीच ओतून द्यावी.

चटणीला कोथिंबीर दोन वाटे, पुदिना एक. कोथिंबिरीचे कोवळे देठ चालतात, पुदिन्याचे नाहीत. ४-५ बर्फाचे खडे घालून थांबत थांबत वाटावं, भांडं तापलं की चटणी काळपट पडते. लिंबू आयत्या वेळी पिळावं, आंबटामुळेही हिरवा रंग उतरतो. दहीसुद्धा लागेल तेवढ्याच चटणीत मिसळावं, आधी मिसळून ठेवलं तर पाणी सुटतं.

पापड द्यायचा असेल तर टेबल बसल्यावरच भाजावा. पावसाळ्यात तो बघता बघता सादळतो.

चौघांच्या टेबलाला ८ कांदे, चटणीच्या २ लहान वाट्या, लिंबाच्या ४ फोडी पुरतात. हे सगळं पाण्याच्या ग्लासांबरोबरच यावं. ठेवताना वेटरने ‘हे आमच्याकडून’ एवढं तरी म्हणावंच, नाहीतर याचे पैसे लागतील का, या शंकेने लोक वाटीला हात लावत नाहीत. त्याआधी ‘जैन आहे का?’ हे विचारायला विसरू नये. त्या टेबलाला कांदा, लसूण, आलं, गाजर, मुळा काहीच चालत नाही. काकडीच्या फोडी आणि आलं-लसूण न घातलेली चटणी वेगळी तयार असावी.

टेबलावरून परत आलेली वाटी, कोणी हात लावलेला नसला तरी, दुसऱ्या टेबलावर जाता कामा नये. म्हणूनच वाटी लहान ठेवावी आणि पुन्हा मागितली तर आनंदाने भरून द्यावी. परत येणाऱ्या वाट्यांवर आठवडाभर नजर ठेवावी. चटणी उरत असेल तर वाटी मोठी आहे. अर्धवट चावलेले कांदे दिसले तर बरणीतला एक कांदा स्वतः खाऊन बघावा, बहुधा तो मऊ पडलेला असतो.