रुंद टायर टाकण्याआधी कागद-पेन घ्या: हायवेच्या ॲव्हरेजचं गणित

मेव्हण्याने गाडीला रुंद टायर टाकले आणि महिनाभरात त्याचं एकच पालुपद सुरू झालं, "दाजी, ॲव्हरेज पडलं." टायरचा दोष होताच, पण निम्मा घोळ ओडोमीटरचा, म्हणजे किलोमीटर मोजणाऱ्या मीटरचा होता. नागपूर-मुंबई समृद्धीसारख्या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर गाडी तासन् तास टॉप गिअरलाच राहते. तिथे हा हिशेब खिशाला लगेच जाणवतो, म्हणून तो घरीच करून पाहू.

आधी टायरच्या कडेवरचा आकडा वाचा. समजा, १८५/६५ आर १५ आहे. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, १५ हा रिमचा इंचातला व्यास. मधला ६५ मात्र मिलिमीटर नाही, ते टक्के आहेत: कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५ मिमी. ती वरची आणि खालची अशी दोनदा धरायची, त्यात रिमचे ३८१ मिमी मिळवायचे. टायरचा व्यास आला ६२१.५ मिमी.

मेव्हण्याने टाकले २०५/६५ आर १५. "फक्त रुंदी वाढवली," असं तो शपथेवर सांगत होता. पण ६५ टक्के आता २०५ चे झाले, त्यामुळे उंचीही वाढली आणि व्यास ६४७.५ मिमीवर गेला. चार टक्क्यांहून जास्त फरक! रुंदीच हवी होती तर २०५/६० घ्यायचा. त्याचा व्यास ६२७ मिमी, फरक एक टक्काही नाही. अर्थात रिम तेवढी रुंद हवी. दोन टक्क्यांच्या पुढे मी तरी जाणार नाही. आकारानंतर लिहिलेला ८८एच सारखा शिक्काही पाहा: ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. नवा टायर या दोन्हींत जुन्यापेक्षा कमी नको.

आता इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारतं, म्हणजे आरपीएम किती, ते काढू. गाडीच्या तांत्रिक माहितीत टॉप गिअरचं आणि फायनल ड्राइव्हचं (गिअरबॉक्सनंतर चाकांकडे ताकद नेणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचं) प्रमाण दिलेलं असतं. उदाहरणादाखल ०.८ आणि ४.१ धरा, गुणाकार ३.२८. ताशी वेग गुणिले ५३०५ गुणिले ३.२८, भागिले टायरचा मिलिमीटरमधला व्यास. ५३०५ हा किलोमीटर, तास आणि मिलिमीटर यांचा मेळ घालणारा ठरलेला आकडा. १०० च्या वेगाला मूळ टायरवर उत्तर येतं सुमारे २८००. मेव्हण्याच्या टायरवर २६८७. म्हणजे एवढा खटाटोप करून आरपीएम उतरले जेमतेम ११३.

कमी आरपीएमने पेट्रोल वाचतं हे खरं आहे. इंजिन कमी फिरलं की आतलं घर्षण कमी होतं, आणि तेवढीच ताकद काढायला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जास्त उघडावा लागत असल्याने हवा ओढण्यात वाया जाणारी शक्तीही वाचते. पण याला मर्यादा आहे. मोठ्या टायरने प्रत्येक गिअर थोडा जड होतो. सपाटीवर गाडी मजेत जाते. चढ लागला, एसी चालू असला आणि मागे तीन माणसं बसलेली असली की ती ओढत नाही, चौथा टाकावाच लागतो. वाचलेलं पेट्रोल तिथे जातं. शिवाय रुंद टायर बहुधा वजनाला जास्त असतो आणि वाऱ्याला जास्त अडतो.

आता ओडोमीटरकडे वळू. मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर कापतो, गाडी मात्र फेऱ्याच मोजते. हायवेवरच्या किलोमीटरच्या पाट्यांवरून बरोबर २० किलोमीटर जा आणि ट्रिपमीटर पाहा. १९.२ दाखवत असेल तर पुढचा प्रत्येक आकडा १.०४ ने गुणायचा. मेव्हण्याचा मीटर ५०० सांगत होता तेव्हा गाडी खरं तर ५२० गेली होती. ३० लिटरला हिशेब केला तर १६.७ नव्हे, १७.३ चं ॲव्हरेज! स्पीडोमीटरही तसाच कमी दाखवतो, त्यामुळे कॅमेऱ्यासमोरून जाताना जपून. कंपन्या काटा मुळात थोडा पुढे ठेवतात, पण त्या भरवशावर राहू नका.

ॲव्हरेज काढताना एकाच पंपावर, पिस्तूल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथवर टाकी भरा. किमान ३०० किलोमीटर चालवा, परत तसंच भरा. डॅशबोर्डवर चमकणाऱ्या आकड्याला फार किंमत देऊ नका. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे भरा. सामान भरलेल्या गाडीसाठीचा आकडा वेगळा असतो.

एवढं सगळं केल्यावर उजव्या पायाचं काय? समृद्धीवर मोटारींना १२० ची मुभा आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १०० ऐवजी १२० ला तो ४४ टक्के जास्त. आरपीएम २८०० वरून ३३६० वर. कुठलाही टायर हा खड्डा भरून काढत नाही. ५०० किलोमीटरला वेळ वाचतो ५० मिनिटं. ती मिनिटं तुम्हाला किती महाग पडतात, ते दोन टाक्यांचा हिशेब मांडून तुम्हीच ठरवा.

मोटारसायकलवाल्यांचं काम सोपं, कारण टायरला हात न लावता पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, बदलता येतं. १४ दात्यांच्या जागी १५ टाकलं की त्याच वेगाला आरपीएम साधारण पावणेसात टक्के उतरतात: ६००० चे ५६००. ॲक्सिलरेटरची मूठ आणि पाय यांना येणारी झिणझिण कमी होते, माझ्या मते खरा फायदा तोच. मोठं स्प्रॉकेट केसिंगला घासत नाही ना, चेनची लांबी पुरते ना, हे मेकॅनिककडून बघून घ्या आणि चेनचा ताण नव्याने लावा. काही गाड्यांत स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, तिथे तोही चुकेल. पुढच्या चाकावरून चालत असेल तर फरक नाही. जुनं स्प्रॉकेट फेकू नका. मागे माणूस आणि सामान घेऊन कसारा घाटात गाडी सारखी खालचा गिअर मागायला लागली, तर तेच परत बसवायचं आहे.